दुर्बिणीतले आबा

त्या साली पाऊस कमी झाला. दिवाळीतच धरणाचं पाणी मागं सरलं आणि रोहित पक्षी लवकर आले. मी बारामतीच्या कॉलेजातून दुर्बीण मागून आणली आणि आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, घेऊन इंदापूरजवळच्या काठावर गेले. आमचं जुनं गाव त्याच पाण्याखाली आहे. वारा पाण्यावरून थेट तोंडावर येत होता.

मी दुर्बीण डोळ्यांना लावेपर्यंत आबा धोतर खोचून पाण्यात उतरलेसुद्धा. जाता जाता म्हणाले, "पाखरं उभी हायती तितं आपला बांध. गुडघ्याएवढंच पाणी हाय."

मी पाहिलं. एकाही पक्ष्याचे पाय दिसत नव्हते. एवढ्या लांब पायांचे ते पक्षी उभे नव्हतेच, बदकांसारखे पोहत होते.

मी ओरडले. पुन्हा ओरडले. आबांचं खोकणं वाऱ्यावर मला स्पष्ट ऐकू येत होतं, माझा आवाज मात्र मागं उसाच्या फडात जात होता. मला पोहता येत नाही. दुर्बिणीत त्यांची पाठ हाताच्या अंतरावर होती आणि पाणी कमरेच्या वर. या माणसानं जन्मात कुणाचं ऐकलेलं नाही, असा रागही येत होता.

अखेर पाखरंच त्यांना बुजली आणि सगळा थवा उठला. आबा थांबले, वळले.

काठावर आले तेव्हा छातीपर्यंत भिजले होते. चिडून म्हणाले, "पाखरं उडाली, न्हायतर पोचलो हुतो घरी."