सहा बायकांचं यंत्र

माझ्या भाऊजींएवढा बुद्धिमान माणूस अख्ख्या चांदा जिल्ह्यात झाला नाही, आणि त्यांच्याएवढा बिनकामाचाही झाला नाही. यातलं दुसरं वाक्य माझं नव्हे, माझ्या सख्ख्या बहिणीचं आहे. हा गृहस्थ कलकत्त्याला गणितात संशोधन करत होता, पण वडील वारले म्हणून आईजवळ सिंदेवाहीला परतला आणि भाताच्या संशोधन केंद्रात आकडेमोडीला लागला. दिवसभर लोंब्यांच्या बेरजा करायच्या आणि संध्याकाळी परदेशी मासिकं उघडून विजेवर चालणाऱ्या गणकयंत्रांबद्दल वाचत बसायचं. मी तिथल्याच शाळेत मास्तर होतो आणि ताईकडे जेवायला असायचो, त्यामुळे त्यांचे सगळे प्रताप मी या डोळ्यांनी पाहिले आहेत.

लग्नानंतर ताई काही महिने माहेरी, वरोऱ्याला होती. आमचे वडील घरात आलेलं प्रत्येक पत्र फोडत. भाऊजींनी यावर उपाय म्हणून सांकेतिक लिपी शोधून काढली. पहिलंच पत्र पाहून वडील हादरले, त्यांनी ते पोस्टमास्तरांना दाखवलं, पोस्टमास्तरांनी फौजदारांना. फौजदारांनी पाकीट झटकलं तर आतून दुसरा कागद पडला, त्यावर लिपी उलगडायची रीत सुवाच्य अक्षरात लिहिलेली! ताईला वाचता यावं म्हणून त्यांनीच ती सोबत घातली होती. मग ताईसकट चौघांनी बसून पत्र वाचलं. मजकूर होता, "इकडे ऊन फार आहे. प्रकृतीला जपावे." एवढ्यासाठी फौजदार! भाऊजींना विचाराल तर लिपी आजही अभेद्य आहे.

कुठलंही काम रीत ठरवल्याशिवाय करायचं नाही, हा त्यांचा बाणा. सोमवारच्या बाजाराचा त्यांनी नकाशा केला होता. प्रत्येक दुकानावरून एकदाच जायचं, वाट कुठेही पुन्हा तुडवायची नाही, मागे तर वळायचंच नाही. एकदा सांबार, म्हणजे कोथिंबीर, घ्यायचा राहिला आणि त्याची टोपली पाठीमागे हाताच्या अंतरावर होती. ताई म्हणाली, "घ्या नं जी तेवढा!" पण छे! भाऊजी तळ्याला वळसा घालून, बैलबाजारातून, अर्ध्या तासानं पुन्हा पहिल्या टोकाला हजर झाले. तोवर बाई टोपली उचलून घरी गेली होती.

आणि एके दिवशी कलकत्त्याहून पत्र आलं. तिथं मोठं गणकयंत्र येणार होतं आणि त्यावर काम करायला दोन माणसं हवी होती. भाऊजींचे जुने प्राध्यापक नागपूरला येणार होते, तिथून सिंदेवाहीला येऊन ते भाऊजींचं काम पाहणार होते. काम पसंत पडलं तर जागा पक्की. भाऊजी त्या रात्री जेवलेच नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना काहीतरी हवं आहे असं मला दिसलं.

पण दाखवायचं काय? वीजच नाही, तर यंत्र कुठलं! भाऊजींनी यंत्र केलं ते बायकांचं. धान निघून गेलं होतं, बायका दुपारच्या मोकळ्या होत्या. खळ्यावर सहाजणी ओळीनं बसवल्या. नियम एकच. हातात चिंचोका आला की धरून ठेवायचा. हातात एक असताना दुसरा आला, तर एक मागच्या टोपलीत टाकायचा, एक शेजारणीला द्यायचा आणि आपला हात रिकामा करायचा. पहिलीच्या हातातला चिंचोका म्हणजे एक, दुसरीच्या हातातला दोन, तिसरीच्या चार, असं दुप्पट करत जायचं. पहिलीकडे एकेक करून त्रेसष्टपर्यंत कितीही चिंचोके सोडा, शेवटी सहा तळहात उघडले की नेमका आकडा वाचता यायचा. पंधरा दिवस तालीम झाली, एकदासुद्धा चूक नाही. "काय करून राह्यले भाऊ हे?" म्हणून हसणाऱ्या बायकाही रंगल्या. ताईनं वळकट्या बांधायला घेतल्या.

प्राध्यापक जीपनं आले. त्यांनी मोजून सदतीस चिंचोके दिले. हात भराभर चालले, तळहात उघडले. भाऊजींनी आकडा वाचला आणि त्यांचा चेहरा उतरला. एकोणचाळीस! पुन्हा केलं. पुन्हा एकोणचाळीस. प्राध्यापक भला माणूस, पाठीवर हात ठेवून म्हणाले, "कल्पना छान आहे." जीप निघून गेली.

भाऊजींनी सहाजणींना एकेक करून विचारलं. तिसऱ्या जागेवरच्या बायजाबाईनं दुसऱ्या जागेवरच्या कौसाबाईकडे बोट दाखवून लगेच कबूल केलं. "म्याच देल्ला जी कौसाबाईले, टोपलीतला एक."

"काऊन पण?"

"तिचा हात रिकामा होता न! बाकीच्या पोरीसोरी, त्याईचं चालते. कौसाबाई म्हातारं माणूस, पाव्हण्याच्या तोंडाफुडं तिनं रिकामा हात दाखवाव काय? मले बरं नाई वाटलं."

मी कपाळावर हात मारला. तालमीत पाहुणा नव्हता, म्हणून यंत्र बिनचूक चालत होतं!

आठवड्यानं प्राध्यापकांचं पत्र आलं. मजुरांनी घोटाळा केला असेल तर तसं कळवा, मी पुन्हा एकदा येऊन पाहीन. मी तर नाचायचाच बाकी होतो. भाऊजींनी उत्तर लिहून माझ्यापुढे ठेवलं. "बायकांची चूक नव्हती. मांडणी माझी सदोष होती." बस, एवढंच.

"अहो, खरं काय ते लिहा की! आयुष्याचा प्रश्न आहे तुमचा!" मी ओरडलोच.

"खरंच लिहिलं आहे रे," ते म्हणाले. "पाहुणा आला तर काय करायचं, हे मी तिला सांगितलंच नव्हतं. मग तिनं तिच्या रीतीनं केलं." त्यांनी पाकीट स्वतःच्या हातानं चिकटवलं. कलकत्त्याची जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. ताईनं वळकट्या सोडल्या.

पुढच्या सोमवारी मी त्यांच्याबरोबर बाजारात होतो. बायजाबाई भाजी घेऊन बसली होती. कलकत्त्याचं राहिलं हे तिला कुठूनतरी कळलं असावं. भाऊजी दुकान ओलांडून चार पावलं पुढे गेले, तशी तिनं मागून हाक मारली, "भाऊ, रिकाम्या हातानं काऊन जाता जी?"

भाऊजी थांबले. तळ्याकडे जाणाऱ्या वाटेकडे त्यांनी एकदा पाहिलं. मग सरळ मागे वळले, तिच्यापुढे जाऊन उभे राहिले आणि हात पुढे केला. तिनं त्यावर सांबाराची जुडी ठेवली. पैसे घेतले नाहीत.

भाऊजी जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. त्यांचा बाजाराचा नकाशा माझ्याकडे आहे. बायजाबाईच्या दुकानापाशी त्यांनी मागाहून पेन्सिलीनं एक बाण काढला आहे. साऱ्या नकाशात उलट्या दिशेचा तेवढा एकच बाण आहे.