जोह्याला पाठवलेलं कार्ड

पोलिसाचा फोन आला तेव्हा प्रदीप रोह्याशेजारच्या अष्टमी गावातल्या दुकानात एक जुना कॉम्प्युटर उघडून बसला होता.

"उद्या बारा वाजता पेणच्या चौकीत ये. जोह्याच्या दाजींचा अर्ज आलाय तुझ्यावर. ऑनलाइन फसवणूक."

एवढंच.

प्रदीप रोह्याजवळच्या कातकरी वाडीतला. बाप केरू कुंडलिका नदीत मासे धरायचा, आई जानी कोळशाच्या भट्टीवर जायची. दहावीनंतर तो या दुकानात झाडू मारायला लागला आणि मालकाच्या मागे उभा राहून काम शिकला. आता बंद कॉम्प्युटरमधले चांगले भाग काढून, तपासून, तो मोबाईलवरून विकायचा. तो नेमकं काय विकतो हे वाडीत कुणाला सांगता आलं नसतं. पण पोलीस म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक होतं. एकदा कुणाच्या शेतावरचा पंप चोरीला गेला तेव्हा केरूला घरातून उचलून नेलं होतं. तिसऱ्या दिवशी पंप मालकाच्याच भावाकडे सापडला. केरू परत आला, पण पुढे कितीतरी महिने गाडीचा आवाज ऐकला की जेवता जेवता उठायचा.

पेणजवळच्या जोहे गावात दाजींचा गणपतीच्या मूर्तींचा कारखाना. त्यांची मुलगी किमया नव्या मूर्ती आधी कॉम्प्युटरवर घडवून बघायची. तिच्यासाठी त्यांनी प्रदीपकडून एक जुनं ग्राफिक्स कार्ड मागवलं होतं. पाच दिवस चाललं. सहाव्या दिवशी जळका वास आला आणि स्क्रीन काळा पडला. 'मेलेला माल गळ्यात मारलास,' असा दाजींचा मेसेज आला. 'मी येऊन बघतो,' असं प्रदीपनं कळवलं, त्याला उत्तर नाही. आला तो हा फोन.

"दुसरा देऊन टाका नि मोकले व्हा," बायको, पूजा, म्हणाली.

"दुसरा दिला म्हंजे पयला खराब दिला असा ठरला. मंग वाडीवरचा म्हटल्यावर काय काय लिवतील, ठाव हाय?"

सकाळी पहिल्या बसनं तो निघाला. पोलिसांच्या आधी दाजींना गाठायचं ठरवलं होतं. नागोठण्याला बस थांबली तेव्हा उतरून परत फिरावं असं त्याला वाटलं. विकण्याआधी कार्ड तपासलं त्याचा व्हिडिओ मोबाईलमध्ये होता. पण तो बघणार कोण? मांडीवरच्या पिशवीत, तपासून बघायला लागलंच तर म्हणून, दुसरं एक कार्ड होतं.

कारखान्यात पांढऱ्या मूर्तींच्या रांगांमधून तो आत शिरला तशी सगळ्यांची कामं थांबली.

"आला रं कार्डवाला," एक कारागीर म्हणाला. "बाप्पालाबी एकादा पार्ट इकून जा."

सगळे हसले. दाजी हसले नाहीत. "माज्या पोरीचा काम बंद हाय. काय सांगायचा तो पोलिसांना सांग."

"दाजी, एकदा उघडून बघू द्या. माझी चूक निघाली तर मीच तुमच्याबरोबर चौकीत येतो," प्रदीप म्हणाला. हे आपण काय बोलून बसलो, असं त्याला लगेच वाटलं.

किमयानं कॉम्प्युटर पुढे ओढला. प्रदीपनं झाकण काढलं, कार्ड उजेडात धरलं. पंख्याच्या पात्यांवर फिकट गुलाबी ठिपके होते. मूर्तीच्या अंगाला देतात तोच रंग. खाली पाण्याचे ओघळ सुकलेले.

"ह्याला हवा मारली का कुणी?"

"मीच मारतो की, रोज," दाजी म्हणाले. "रंग द्यायच्या आदी मूर्तीला मारतो तशी. जुना सामान, धूल असनारच. पाईप आत घालून साफ करतो."

"चालू असताना?"

"मंग? बंद कशाला करायचा?"

प्रदीपला सगळं कळलं. पण दाजींची चूक त्यांच्याच कारागिरांपुढे बोलायची कशी? आणि नाही बोललं, तर बारा वाजता काय होणार? दहा वाजून गेले होते.

"दाजी," तो कसाबसा म्हणाला, "तो पाईप जरा तुमच्या हातावर मारा."

दाजींनी कंप्रेसर चालू केला आणि तळवा पुढे धरला. पावसाळी हवेतली ओल पाणी होऊन कंप्रेसरच्या टाकीत साचली होती. क्षणात तळवा ओला झाला. त्याच पाईपानं मूर्तींना रंगही मारायचे, म्हणून पाण्यात गुलाबी बारीक थेंब. कुणी हसलं नाही.

"बाबा," किमया हळूच म्हणाली, "म्हंजे चालू कार्डावर पानी उडवून आपनच मारला त्याला."

दाजी हात लुंगीला पुसून म्हणाले, "गाडी काड गो. पेनला जाऊन येतो."

चौकीच्या पायरीशी प्रदीपचे पाय थांबले. दाजी पुढे गेले होते, मागे वळून त्यांनी खूण केली. आत हवालदारानं अर्जाखाली लिहून घेतलं: माल चांगला होता, नुकसान अर्जदाराच्या हातून झालं, तक्रार मागे घेत आहे. दाजींनी सही केली. त्याखाली प्रदीपनंही केली.

"साहेब, माझं नाव कुठं चढलंय का?"

"नुसता अर्ज होता रे. जा आता."

"ह्याचा फोटो काढू?"

हवालदार वैतागला, पण दाजींनी स्वतःच कागद उचलून त्याच्यापुढे धरला. "काड, नीट काड." बाहेर आल्यावर त्यांनी प्रदीपच्या पिशवीतलं दुसरं कार्ड विकत मागितलं. प्रदीप म्हणाला, "देतो. पन आदी कॉम्प्युटर घरात न्या, नि तो पाईप त्याच्या जवल नेऊ नका."

एसटी स्टँडवर त्यानं घरी फोन लावला. फोन केरूनं उचलला.

"सुटलास काय रं?"

"बाबा, धरला नव्हताच मला."

"व्हय रं," केरू म्हणाला, "पन सुटलास काय?"

प्रदीपनं मोबाईलमधला तो फोटो पुन्हा उघडला, मोठा केला, 'माल चांगला होता' ही ओळ सावकाश वाचली आणि म्हणाला, "सुटलो."