वरवंट्याचं बारसं

आमच्या घरातला पाटा मधे एकदा फुटला, दुसरा आणला. वरवंटा मात्र तोच आहे, पन्नास वर्षांचा. त्याला नाव आहे. चांगलं चार अक्षरी, मधे जोडाक्षर असलेलं, कादंबरीतल्या नायिकेला शोभावं असं. ते मी इथं लिहिणार नाही, कारण त्याच नावाची एक सून आमच्या गल्लीत नुकतीच आलीय आणि तिचा माझ्यावर आधीच राग आहे. ते नाव मी एका मुलीसाठी शोधलं होतं आणि लागलं दगडाला. कसं लागलं ते सांगते. या गोष्टीत शहाणी माणसं बरीच आहेत, मूर्ख बाई एकच, आणि ती मी.

बहात्तरच्या दुष्काळात आमचे हे गावाजवळच्या पाझर तलावाच्या कामावर मुकादम होते. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, मूल नव्हतं. भावकीनं ठरवून टाकलं होतं की थोरल्या दिरांचा मधला मुलगा दत्तक घ्यायचा. मुलाला कुणी विचारलं नव्हतं. मला तर विचारण्याचा प्रश्नच नव्हता. पण मी पडले सातवी पास. गावच्या वाचनालयातलं एकुलतं एक कपाट दोनदा वाचून काढलेलं. त्यामुळं जगातलं आपल्याला सगळं कळतं अशी माझी पक्की समजूत. वय एकोणतीस, अक्कल फार तर एकोणीस.

त्या कामावर एक म्हातारा यायचा, कर्नाटकाच्या शिवेकडचा. बरोबर दोन नाती. थोरली अकरा वर्षांची, बायकांच्या ओळीत उभी राहून मातीच्या पाट्या टाकायची. धाकटी सातेक वर्षांची, बाभळीखाली गाठोडं राखत बसायची. त्यांचे आईबाप वर्षाच्या आत एकामागं एक गेले होते. म्हाताऱ्याला डोळ्यांनी कमी दिसत चाललं होतं. पाऊस लागला, काम बंद झालं, तेव्हा त्यानं ह्यांना विचारलं, पोरींना ठेवून घेईल असं एखादं घर बघता का.

हे जेवताना मला सांगत होते. मी म्हटलं, "आपलं घर आहे की."

"दोघी?"

"मग काय एक अन् अर्धी आणायची?"

हे तालुक्याला जाऊन वकिलाला विचारून आले. वकील म्हणाला, कायद्यानं मुलगी एकच दत्तक घेता येते, एक घेतली की दुसरी नाही. मी ह्यांना म्हटलं, मग त्या वकिलाला इथं बोलवा, दोघींना समोर उभं करते, कुठली परत पाठवायची ते त्यानं बोटानं दाखवावं. वकील काही आला नाही. कागदही झाला नाही. आमच्या घरात त्या पोरी कागदाशिवाय आल्या आणि कागदाशिवाय राहिल्या. ज्याला काय म्हणायचं ते त्यानं खुशाल म्हणावं, पन्नास वर्षं म्हणतच आलेत.

पण म्हाताऱ्यानं एक अट घातली. म्हणाला, पोळ्याच्या अमावस्येला येतो. थोरलीला विचारणार. राहते म्हणाली तर दोघी तुमच्या, येते म्हणाली तर दोघी माझ्या. माझ्या हाती एक महिना होता.

पहिल्या दिवसापासून थोरलीनं मला जिंकून घेतलं, म्हणजे मला तसं वाटलं. ती तांबडं फुटायच्या आत उठायची, गोठा झाडायची, दोन घागरी पाणी आणायची, आणि हे तोंड धुऊन आले की ह्यांच्यासमोर येऊन उभी राहायची. म्हणायची, "मुकादम, हजेरी."

हे हसायचे. मी तर आडावर जाऊन चार बायकांना सांगितलं की पोरगी बघा किती वळणाची आहे, सांगावं लागत नाही. किती ठार आंधळी असेन मी.

तिला मी लाल रिबिनी आणल्या. पावडरचा डबा आणला. घरात रेशनवरच्या मिलो ज्वारीची लाल भाकरी खायचे दिवस, तरी कुठून कुठून सामान गोळा करून सण नसताना पुरणपोळी केली. तिनं दोन पोळ्या खाल्ल्या, ताट घासून ठेवलं आणि मला विचारलं, "बाई, ह्याच्यावर किती पाट्या टाकायच्या?"

मला हसू आलं. मी तेही आडावर जाऊन सांगितलं.

मला ती बाईच म्हणायची. 'ओ बाई', 'व्हय बाई', 'आणते बाई'. धाकटी कधी कधी माझ्या पदराशी यायची, पण थोरलीनं नुसतं बघितलं की मागं सरायची. दोघी आपसात कानडीत बोलायच्या, हळू आवाजात. मला कानडीचा गंध नाही. मी आपली समजायची की रिबिनींचं कौतुक चाललंय.

दुष्काळ सरता सरता गावात दूध संस्था निघाली होती आणि हे तिचे सेक्रेटरी झाले होते. दूध थोडं आणि सभासद फार अशी ती संस्था. रोज सकाळी सगळी गल्ली बरण्या घेऊन तिथं उभी असायची. आमची बरणी थोरली न्यायची. थोरल्या जाऊबाई, म्हणजे ज्यांचा मुलगा आमच्या मांडीवर बसायचा होता त्या, तिथं सगळ्यांच्या देखत म्हणाल्या की आमच्या धाकट्या घरात दत्तक नाही घेतला, गडीमाणूस घेतला, तोही बिनपगारी.

आडावर ते माझ्या कानावर आलं. मी घरी येऊन रडले. सासूबाई ओसरीत डाळ निवडत होत्या. त्यांनाही भावकीचाच मुलगा हवा होता. पोरी आल्यापासून त्या माझ्याशी कामापुरतं बोलत होत्या. त्या दिवशी मात्र सूप खाली ठेवून म्हणाल्या, "तुला कळतंय का पोरी काय बोलत्यात ते?"

मी नाही म्हटलं.

सासूबाईंचं माहेर शिवेकडचं. अकरा वर्षांत मी त्यांच्या तोंडून कानडीचा शब्द ऐकला नव्हता, पण कान काय सासरी आल्यावर बदलत नाहीत. त्या म्हणाल्या, "थोरली धाकटीला रोज सांगती, जीव लावू नगंस. काम सरलं की जायचंय." मग सूप उचलून पुढं म्हणाल्या, "तुझ्या घरात लेक आलेली न्हाय. ती कामावर आलीया."

शहाण्या बाईनं यावर चार दिवस गप्प बसून विचार केला असता. मी त्याच संध्याकाळी ठरवलं की पोरींचं बारसं करायचं.

हसू नका. माझं गणित साधं होतं. लेक बारशानं घरची होते. ह्यांचं आडनाव, मी निवडलेलं नाव, पाळण्याला दोरी, गल्लीला घुगऱ्या. एकदा नाव ठेवलं की म्हातारा कुठल्या नावानं हाक मारून नेणार? कादंबऱ्या उलट्यापालट्या करून मी दोन नावं काढली. शेजारून पाळणा आणला. अंगडं-टोपडंही आणलं. ते वरवंट्यासाठी. आमच्याकडं बाळाच्या आधी वरवंट्याला टोपडं घालून पाळण्यात निजवतात, पाळण्याखालून-वरून देतात घेतात, मग बाळ. माझी बाळं अकरा आणि सात वर्षांची होती एवढाच काय तो फरक.

अख्खी गल्ली आली. अशी गंमत कोण सोडतं. जाऊबाई तर सगळ्यात पुढं बसल्या.

धाकटीला भारीच मजा वाटली. वरवंटा बाहेर काढला तशी तीच पाळण्यात चढली. गुडघ्यापासून खाली दोन्ही पाय बाहेर लोंबायला लागले, पाळणा करकरला, बायका पोट धरून हसल्या. तिनं नाव ठेवून घेतलं आणि घुगऱ्याही दोनदा घेतल्या. मग मी थोरलीला पुढं बोलावलं. नाव कानात सांगायचा मान आत्याचा. मला नणंद नाही, म्हणून आत्याही मीच, आईही मीच. मी तिच्या कानाशी वाकले.

ती एक पाऊल मागं सरली.

"मला नाव हाय," ती म्हणाली. "माझ्या आईनं ठेवलंय."

मी समजुतीनं म्हटलं की ते राहू दे, हे नवीन घरचं नाव.

तिनं पाळण्याकडं बघितलं. वरवंटा टोपडं घालून बाजूला पाटावर निजला होता. "मग त्याला ठेवा," ती म्हणाली. "त्याला न्हाय नाव."

घुगऱ्या चावायचा आवाजसुद्धा थांबला. तीन आठवड्यांत ती पहिल्यांदाच 'व्हय बाई' सोडून काही बोलली होती. जाऊबाई घसा साफ करून म्हणाल्या, "परक्याचं ते परक्याचंच. आपलं रगत असतं तर असं चारचौघांत तोंडावर मारलं नसतं."

खरं सांगते, त्या क्षणी मला त्या पोरीचा राग आला होता. पण जाऊबाईंचा जास्त आला. मी आयुष्यात जी दोन-चार बरी कामं केली ती समजून उमजून केलेली नाहीत, कुणाच्या तरी नाकावर टिच्चून केलेली आहेत.

मी पाटावरचा वरवंटा उचलला. दोन्ही हातांनी, मान सांभाळत. त्याचं टोपडं सारखं केलं, कान असायला हवा तिथं तोंड नेलं आणि ते चार अक्षरी नाव मोठ्यांदा सांगितलं. "कुर्रर्र."

पाठीत धपाटा बसला. रीतच आहे, नाव सांगणारीला बायका धपाटे घालतात. पण हा सासूबाईंचा होता आणि रीतीपेक्षा बराच जोरात होता. माझ्यावरच्या रागाचा होता की कशाचा, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. नंतर सगळ्याच बायकांनी हात धुऊन घेतले. त्या गोंधळात मी वर बघितलं तर थोरली तोंडावर हात धरून हसत होती. दात पुढं आहेत तिचे, हे मला त्या दिवशी कळलं.

धाकटीनंही लगेच आपलं नवीन नाव परत केलं. घुगऱ्या तेवढ्या परत केल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी हे तोंड धुऊन आले तर समोर हजेरीला कुणी नाही. थोरली अंथरुणात होती. ऊन तिच्या पायावर आलं तरी उठेना. दूध काढून झालं, संस्थेत माप सुरू व्हायची वेळ झाली. सासूबाई तिला हलवायला निघाल्या, मी आडवी आले. बरणी मीच उचलली.

ओळीत जाऊबाई होत्याच. म्हणाल्या, "आज तुम्ही? गडी पळाला वाटतं."

"माझी लेक झोपलीय," मी म्हटलं.

माझी लेक हा शब्द मी तोवर मनातसुद्धा म्हटलेला नव्हता. तो असा दूध संस्थेच्या ओळीत, हातात बरणी असताना तोंडातून गेला. त्या पुढं काहीतरी बोलल्या असतील. मी ऐकलं नाही. घरी जाताना मी मुद्दाम अख्ख्या गल्लीला वळसा घालून गेले.

पुढचे आठ दिवस मात्र त्या लेकीनं मला रडकुंडीला आणलं. पाणी आण म्हटलं की दुखतंय. काय दुखतंय म्हटलं की ठरवते. रिबिनी म्हशीच्या शिंगांना बांधल्या. पावडरचा डबा धाकटीच्या डोक्यावर ओतला. मी ओरडले की ती दुप्पट ओरडायची. कुठल्या दिवशी 'ओ बाई' गेलं आणि तिनं मला अगंतुगं करायला सुरुवात केली, ते मला आठवत नाही, भांडणात लक्ष राहत नाही. वळणाची पोरगी आता आडावर कुणाला सांगायची सोय राहिली नाही. मनातून मी घाबरून गेले होते. पोळा तोंडावर आला होता आणि पोरगी सरळसरळ बिथरली होती. ही राहते कशाला म्हणेल?

पोळ्याला गावात बैल मोजकेच उरले होते, तेवढेच सजले. दुपारी मी थोरलीला म्हटलं, पाहुणा येणार आहे, लसूण-मिरची वाटून घे.

"मी न्हाय वाटणार. काल मीच वाटली."

"पोळ्याच्या दिवशी तरी ऐक की."

"पोळा बैलांचा असतोय. मी काय बैल हाय? आज तुझी पाळी. आन् मीठ बघून घाल, परवा तू घातलेलं मांजरानं पण खाल्लं न्हाय."

मी तिला काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. शेवटी मी वळून बघते तर उंबऱ्यात म्हातारा काठी टेकून उभा. किती वेळ ऐकत होता देव जाणे. मला वाटलं, संपलं. आता हा दोघींचं गाठोडं मागणार.

तो ओसरीवर बसला. पाणी प्याला. मग म्हणाला, "दोन वरसं माझ्यापशी होती. मला एकदा सुदीक न्हाय म्हणली न्हाय. मला वाटायचं पोरगी लई गुणाची हाय." त्यानं काठी बाजूला ठेवली. "न्हाय म्हणलं तर म्हातारा टाकून जाईल, अशी भ्यायची."

थोरली दाराआड उभी होती. त्यानं तिच्या दिशेनं मान वळवली आणि ठरल्याप्रमाणं विचारलं. मराठीत विचारलं, मला कळावं म्हणून. "येतीस?"

ती दाराआडून निघाली. बाहेर येऊन त्याच्याजवळ बसली, त्याच्या धोतरावरची कुसळं काढत राहिली. सासूबाईंनी सुपातली डाळ पाखडायची थांबवली.

"कशी येऊ?" ती म्हणाली. "हिला मीठ किती घालायचं ते आत्ता कुठं कळायलंय. तूच ऱ्हा इथं."

म्हातारा राहिला नाही, पण दर पोळ्याला येत राहिला, डोळे पूर्ण गेल्यावरही, एस्टीवर आणायला गेलेल्या धाकटीच्या खांद्यावर हात ठेवून. पावसाळ्यानंतर शाळेत दोघींची नावं घातली. मास्तरांनी थोरलीला नाव विचारलं. तिनं आपलं सांगितलं, पुढं आपल्या बापाचं सांगितलं. मास्तरांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, ती सांगती तसं लिहा, नाव तिचं आहे.

त्या पोळ्याची चटणी शेवटी मीच वाटली. आजोबाला भाकरीवर दिली. त्यानं बोट चाटलं आणि बरी झालीय म्हणाला, कुणी वाटली विचारलं. मी तोंड उघडायच्या आत धाकटीनं घाईघाईनं वरवंट्याचं ते चार अक्षरी नाव सांगितलं.

म्हाताऱ्याचा घास हातातच राहिला. त्यानं अधू डोळ्यांनी घरभर बघितलं आणि ह्यांना विचारलं, "मुकादम, तिसरी कुठनं आणली?"