खटका

धुण्याच्या सोड्याचा वास आला की मला वर्ध्यातल्या दवाखान्याची धुलाईखोली आठवते. पन्नासच्या दशकात मी तिथे नवीनच कामाला लागले होते. विलायतेहून आलेलं लोखंडी धुलाईयंत्र होतं, त्यात भोकाभोकांचं मोठं पिंप गरगर फिरायचं. त्या दुपारी ऑपरेशनच्या चादरी धुवायच्या होत्या. माझ्याबरोबरच्या मावशींनी भिंतीवरचा खटका खाली ओढला, पण यंत्र ढिम्म. "काऊन सुरू होऊन नाई राह्यलं वं हे? चादर गुतली असन. झाकण धर," असं म्हणून त्यांनी बांगड्या मागे सारल्या आणि खांद्यापर्यंत हात पिंपात घातला. घाम पुसायला मी मान वर केली, तर छताचा पंखा थांबलेला. वाफेच्या त्या खोलीत तो असून नसल्यासारखाच, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. यंत्र बिघडलंच नव्हतं. वीज गेली होती, कुठल्याही क्षणी येणार होती, आणि खटका तसाच खाली होता. समजावून सांगायला वेळ नव्हता. झाकण सोडलं तर त्यांच्या हातावर पडणार. मी ते खांद्यावर तोललं, कपडे ढवळायची काठी उचलली आणि तिच्या टोकानं खटका वर ढकलला. "अवं, बंद काऊन केलं? मी पाहून राह्यली नं!" मावशी चिडल्या, तोच डोक्यावरचा पंखा कुरकुरत फिरू लागला. त्यांनी वर पाहिलं, हळूच हात बाहेर काढला आणि तिथेच फरशीवर बसून एकेक बोट चाचपत राहिल्या. परवा घरचं मशीन सुरू होईना, तेव्हा मी आधी प्लग काढला. मुलगी हसली, "आई, नुसती लाइट गेलीय." मी म्हटलं, "म्हणूनच."