अण्णाने निवडलेला कोळी

आमचा अण्णा काल गेला. मला रडू आलेलं नाही, आणि ते आणायचा प्रयत्नही मी केलेला नाही.

कालपासून फोन वाजतोय. "केवढा मोठा माणूस." "मुक्या जिवांवर किती माया."

आणि जो तो त्याच्या भाषणाचा तोच व्हिडिओ फॉरवर्ड करतोय. बहिणीला टॅरंटुला चावल्याचा किस्सा. खाली हसून लोळणारे इमोजी.

ती बहीण म्हणजे आमची इंदूअक्का. मी तिची धाकटी. आम्हा दोघींना कधी कुणी काही विचारलं नाही. म्हणून लिहितेय.

कुंभकोणम. तमिळ मुलुखात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेलं आमचं मराठी घर. पन्नासच्या दशकातली गोष्ट. अण्णा कॉलेजात झूऑलॉजी शिकत होता आणि मागच्या पडवीत काचेच्या बरण्यांतून मोठाले केसाळ कोळी पाळत होता.

आईला किळस यायची. वडिलांनी, म्हणजे नानांनी, शेवटी सांगितलं, "फळीवर आणखी एक बरणी मावत्ये. तेवढी ठेव. पुढे बंद."

एकाच बरणीची जागा, आणि अण्णाकडे त्या आठवड्यात कोळी आले दोन.

एक जवळच्या साक्कोट्टै गावच्या शेताच्या बांधातून खणून काढलेला. काळा, जाडजूड. बिळात शिरला की बाहेर यायचं नाव नाही.

दुसरा झाडावर राहणारा. डोंगरातून आलेल्या ओंडक्यांबरोबर वखारीत उतरलेला. राखाडी अंगावर नक्षी, आणि पुढचे पाय उचलले की खालून हळदीसारखा पिवळा.

अण्णाने दोन्ही बरण्या आमच्यापुढे ठेवल्या. "कुठला ठेवू?"

अक्का म्हणाली, "तुज सांगत्ये अण्णा, काळा ठेव. तो आपला बसून तरी राहतो. हा दुसरा पळतो."

"पळतो म्हणून तर हवा. आणि कलर बघ."

सकाळीच तो पिवळ्या पायांचा अण्णाच्या हातून सुटून भिंतीवर चढला होता. पकडताना अण्णाला घाम फुटला होता. म्हणजे त्याला सगळं माहीत होतं.

पिवळा राहिला. काळ्याला कॉलेजात नेऊन त्याने स्पिरिटमध्ये बुडवलं. मुक्या जिवांवर माया ती हीच.

झाडावरच्या कोळ्याला चढायला उंच बरणी लागते, आणि तशी एकच होती, लोणच्याची. तिचं झाकण फुटलेलं. अण्णाने तोंडावर फडकं बांधलं.

"हे पुरत नाही रे," अक्का म्हणाली.

"उद्या जाळी आणतो."

दुसऱ्या दिवशी अक्काने आठवण केली. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. त्यानंतर तो तिच्यावर खेकसला, म्हणून तिने विषय सोडला.

आता अक्काबद्दल. ती व्हायोलिन वाजवायची. तिचे गुरुजी कुणाचं कौतुक करणाऱ्यातले नव्हते, पण त्यांनीच नानांना घरी येऊन पटवलं होतं, आणि तिरुच्चीच्या रेडिओवर तिची ऑडिशन ठरली होती. रोज पहाटे उठून बसायची. बोटांना घट्टे पडलेले.

एका सकाळी तिने व्हायोलिनची पेटी उघडली, वरचं रेशमी फडकं उचलायला डावा हात घातला, आणि किंचाळली.

अण्णा धावत आला. मी तिथेच उभी होते, त्यामुळे त्याचं पहिलं वाक्य मला नीट ऐकू आलं.

"गेला कुठे तो?"

गुडघ्यांवर बसून त्याने आधी कोळी शोधला, बरणीत घातला, मग अक्काकडे वळला.

मग मात्र तो तिच्याजवळून हलेना. "ठणका आहे की जळजळ? आता कुठवर आलं? बोट वाकव. दुखतं? परत वाकव." अक्का मला म्हणाली, "अण्णास केवढी काळजी गं."

ती काळजी नव्हती. पुढच्याच आठवड्यात त्याने कॉलेजात या चाव्यावर व्याख्यान दिलं. प्रोफेसरांनी पाठ थोपटली. तो घरी येऊन आम्हाला हे सांगत होता, तेव्हा अक्काच्या दोन्ही हातांची बोटं पेटके येऊन आत वळलेली होती आणि आई तिला भरवत होती.

सूज उतरली तरी पेटके येतच राहिले. ऑडिशनची तारीख गेली.

मी नानांना म्हटलं, अण्णाला काहीतरी बोला. नाना म्हणाले, "त्याने मुद्दाम केलं काय? पुढल्या वर्षी वाजवेल."

पुढल्या वर्षी अक्काचं लग्न झालं. सासरी व्हायोलिन चालत नव्हतं.

अण्णा मोठा झाला. नाव झालं. मद्रासला सत्कार होता, तेव्हा तो किस्सा मी पहिल्यांदा स्टेजवरून ऐकला. "माझ्या बहिणीने विज्ञानासाठी बोट दिलं," असं म्हणाला. हॉल हसला. अक्का पहिल्याच रांगेत होती.

नंतर जेवणाच्या वेळी ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. आवाजही चढवला नाही तिने.

"अण्णा, ते माझं दुखणं होतं. पुन्हा लोकांपुढे सांगू नको."

"अगं, लोकांना आवडतं ते."

आणि तो सांगत राहिला. प्रत्येक भाषणात, अगदी शेवटपर्यंत. रेडिओचं नाव त्याने एकदाही काढलं नाही. व्हिडिओतही नाही, हवं तर पुन्हा बघा.

काल संध्याकाळी मीच अक्काला फोन केला. ती सेलमला मुलाकडे असते.

"अण्णा गेला, अक्का."



"त्रास झाला त्यास?"

"नाही. झोपेत गेला."

"बरं झालं. कुणाचं दुखणं मला पाहवत नाही." मग म्हणाली, "मी तेराव्यास येणार नाही. कुणी विचारलं तर तब्येतीचं कारण सांगू नको. येत नाही म्हणाली, एवढंच सांग."

तेच इथे सांगतेय. मीही जाणार नाही.

अण्णा, थोरला भाऊ होतास, म्हणून हा नमस्कार. यापुढे माझ्याकडे तुझ्यासाठी काही नाही.