दुर्गाताईंचा सत्कार

सकाळी नऊ पन्नासला लालबागच्या चाळीतल्या अंगणवाडीत दुर्गा घाडीगावकर मुलांची वजनं घेत होत्या. आमदारांचा कार्यकर्ता अवधूत दारात आला.

“ताई, उद्या दहाला साहेबांच्या हस्ते तुमचा सत्कार.”

“साहेबांचा पगार परवा वाढला ना? किती वेळ लागला रे?”

“दोन मिनिटं. सगळ्या पक्षांचं एकमत होतं.”

“आमचं मानधन वाढवा म्हणून आम्ही एक्केचाळीस दिवस आझाद मैदानात बसलो. एक तरी आमदार फिरकला? ती शाल त्यांनाच घाल, जा.”

“ताई, ही खोली साहेबांच्या मंडळाची आहे हां.”

“मग काढा बाहेर. अंगणवाडी जिन्याखाली भरवीन.”

त्याच्या हातातल्या सत्काराच्या यादीतलं आपलं नाव दुर्गाताईंनी त्याच्याच पेनाने खोडलं. उद्या दहाला उरलेल्या अकरा मुलांची वजनं घ्यायची आहेत.