रानातल्या आवाजाची तक्रार

कुणीतरी आमचं रान बहिरं करून टाकलंय. कोण, ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण आमच्या जोयडा तालुक्यात शेजारी म्हणजे हमखास नातलग, त्यामुळे तक्रारीत नाव कुणीच घालत नाही! वकिलीची परीक्षा झाल्यापासून मी इथल्या मोफत कायदा सल्ला केंद्रात बसते. पाऊस थांबला तरी झाडं ठिबकत राहतात, तसे इथले किस्से घरी गेल्यावरही माझ्यात ठिबकत राहतात.

बाजारकुणंग गावचे एक काका आले. शेजाऱ्यानं माकडं हाकलायला बागेत स्पीकरवर वाघाची डरकाळी लावलेली, दिवसभर! मी म्हटलं, "ग्रामपंचायतीत लेखी तक्रार द्या. तिथं ऐकलं नाही तर पोलिसांत."

"व्हय, पण नाव नको. साडू हाय माझा."

"बरं, माकडं तरी गेली का?"

"माकडं हाईत. आमचा कुत्रा गेला!"

गिरणीच्या धडधडीला कंटाळलेल्या एका मावशींना मी तावातावानं सांगितलं, "सार्वजनिक उपद्रव असेल तर तहसीलदार बंद करायचा आदेश काढू शकतात. आजच अर्ज करू!"

"आज नको गं बाय! माझं दळण हाय आत."

एकदा पोलीसदादांना घेऊन एका स्पीकरचा आवाज मोबाइलवर मोजायला गेले. सुपा धरणाच्या पाण्यावर धुकं होतं, त्यातून ऊन झिरपत होतं. स्पीकर सुरूही झाला नव्हता. तेवढ्यात झाडांवरचे किडे एका सुरात किर्रर्र करू लागले आणि मोबाइलवरचा आकडा मर्यादेच्या वर! पोलीसदादा शांतपणे वर बघत म्हणाले, "नोटीस कुठल्या फांदीला चिकटवू?"

आणि रुकमाक्का. तिची गाभण गाय रानात चरते. संध्याकाळी गळ्यातल्या लाकडी घंटेच्या आवाजावर अक्का तिला शोधून आणते. त्या दिवशी गाय आली नाही, आणि अक्काला घंटा ऐकू येईना. पलीकडे पुतण्याच्या, संतोषच्या, होमस्टेत स्पीकर दणाणत होता. त्या अंगाला बिबट्या फिरत होता. अक्का गावातल्या नागेशच्या जीपमधून थेट माझ्याकडे आली.

मी भराभरा सांगू लागले, "आधी मध्यस्थी, मग नोटीस, मग कोर्टाचा मनाई हुकूम..."

"तवर गाय ऱ्हाईल?"

मी फाईल तिथंच टाकली आणि जीपमध्ये चढले.

मला बघून संतोष तडकला. "काकी, घरातल्या घरात वकील आणलीस? माझ्यावर तक्रार?"

"तक्रार न्हाई रे. गाय आयकायची हाय."

संतोषनं प्लगच उपसला. पाहुणे हातात बशा घेऊन उभे राहिले. रान हळूहळू मोठं होत गेलं. आधी पाणी, मग पानं, मग खूप खालून, स्वप्नातल्यासारखं, टोक... टोक...

अक्का आणि नागेश झाडीत उतरले. घंटेचा आवाज जागचा हलत नव्हता. संतोष प्लग हातात धरून तसाच उभा. कुणी बशीसुद्धा खाली ठेवेना.

मग झाडीतून नागेश ओरडला, "एकटी न्हाई ओ ती! कोरडा टॉवेल आणा!"